तांबडं म्हणजे जिवंत

१२ ऑगस्ट

सगळं जंगल पेटलेलं! अहेरीपासून पार नदीपर्यंत तांबडंलाल. चष्मा पुसला, खुशबूच्या पडद्यावर परत पाहिलं. तेच. "खुशबू, हे कधी झालं? कोणी बोललं कसं नाही?" — मी ओरडलोच. आणि ही पोरगी खुर्चीवरून पडायची बाकी, इतकी हसत सुटली.

"आग नाही आबाजी. तांबडं म्हणजे जिवंत."

मग समजावलं. पान एक उजेड परत फेकतं, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. उपग्रहाच्या कॅमेऱ्याला दिसतो. पान रसरशीत असेल तर तो उजेड जास्त, पान आजारी असेल तर कमी. आता जो दिसतच नाही तो दाखवायचा कसा? म्हणून त्याला तांबडा रंग देतात. जितकं गडद तांबडं तितकं झाड सुखात. अळी लागली की तांबडं फिकं पडतं, मग राखाडी होतं — आणि ते खालून चालणाऱ्या माणसाला कळायच्या आधी.

सत्तर वर्षं हिरवं म्हणजे जीव समजून काढली. नोकरी सगळी हिरव्या रंगात गेली. आता या वयात रंग बदलून घ्यायचा. पण मजा वाटली. कवितेत नाही का, एखादा शब्द उलटा धरला की भलताच उजेड पडतो.

कमला आतून म्हणाली, "पेटलं म्हणे. ह्याइच्या डोक्यात पेटलं असन."

खुशबू म्हणजे माझ्या मुलाची, मिथुनची थोरली. नागपूरला भूगोलात एम.एस्सी. केलं, त्यातच हे नकाशाचं शिकली. जूनपासून आमच्याकडे अहेरीला आहे. वनखात्याच्या एका प्रकल्पावर नोव्हेंबरपर्यंत काम — सागाच्या जंगलात कीड कुठे लागली हे आभाळातून शोधायचं. तिचा बाप मोहर्लीला जिप्सी चालवतो, पाहुण्यांना वाघ दाखवतो. पोरगी सातशे किलोमीटरवरून अळी पाहते.


१३ ऑगस्ट

सोमाजीच्या चहाच्या टपरीवर तांबडं म्हणजे हिरवं हे सगळ्यांना समजावलं. सोमाजी म्हणाला, "मंग हिरवं म्हंजे काय जी, निळं?" कोणालाच पटलं नाही. तरी समाधान वाटलं.


१६ ऑगस्ट

आज तिला म्हटलं, माझे साग दाखव.

"तुमचे कुठले?"

कोसमघाटचे, दुसरे कुठले. लहानपणापासून ऐकते आहे, तरी विचारते. मुद्दाम विचारते. मी सांगायला लागलो की हसू दाबून ऐकते.

अठ्ठ्याहत्तर सालचा पावसाळा. मी नवा गार्ड, मिशी नुकती फुटलेली, अंगावरचा खाकी शर्ट दोन माप मोठा. कोसमघाटच्या उतारावर सागाचं रोपवन करायचं होतं. सागाच्या जड्या लावतात — बोटाएवढ्या मुळाच्या कांड्या, पाहून वाटतं लाकडाचा तुकडा आहे, यातून काय येणार. पुरुष पहारीने भोक पाडीत, बाया त्यात जडी सोडून टाचेने माती दाबीत. मी गाठी मारलेला दोर धरून पुढे. सहा फुटांवर गाठ, गाठीला एक झाड. चामोर्शीच्या शाळेत आमचे गुरुजी कविता म्हणताना टेबलावर छडी वाजवीत. चरण संपला की ठक्. तो ठेका अंगात भिनलेला. मी गाठीगाठीला मान हलवायचो. बायांना वाटायचं, नवा गार्ड जरा अर्धवट आहे. त्यातली एक मोठ्याने हसली. डोक्यावर पानांचं इरलं, कमरेला टोपली, टोपलीत ओल्या गोणपाटाखाली जड्या. तीच कमला. पुढच्या वर्षी लग्न झालं.

त्या दिवसांत दोन ओळी जुळवल्या होत्या. अजून पाठ आहेत.

पानावरती ऊन लिहिते, वारा वाचित जातो,
सागाखाली उभा राहुनी मीही थोडे गातो.

तेव्हा साग गुडघ्याएवढाही नव्हता. त्याच्याखाली उभं राहायचं तर पालथं पडावं लागलं असतं. कवितेत चालतं.

आता त्यातलं एकेक झाड कवेत मावत नाही. मी लावलेले साग! साहेब बदलले, बदल्या झाल्या, विरळणीत मधली झाडं काढली गेली, मी निवृत्त झालो. ते तिथेच आहेत. गुडघ्यांमुळे चार वर्षांत तिकडे जाणं झालं नाही.

खुशबूने पडद्यावर बोट ठेवलं. नखाएवढा चौकोन. गडद तांबडा. मी म्हटलं, "बस, झोप येईल आता."


२० ऑगस्ट

ढग. आठ दिवस नुसते ढग. उपग्रह दर पाच दिवसांनी वरून जातो आणि कापसाचे ढिगारे पाहून परततो. खुशबू चिडचिड करते. मी मात्र ओशाळलो. शाळेतल्या अर्ध्या कविता ढगांना 'या' म्हणणाऱ्या. चौथीपासून मॅट्रिकपर्यंत हात जोडून बोलावलेले ते हेच. आज सकाळी अंगणात उभं राहून पहिल्यांदा मनात म्हटलं — जा बाबांनो.

कमलाने ऐकलं. "जा काऊन म्हणून राह्यले? रोवण्याच्या धानाले पाणी नको का?"

मनातलं हिला कसं ऐकू येतं कोण जाणे.


२५ ऑगस्ट

आज हरलो आणि छाती फुगवून घरी आलो.

ढग फाटले. ताज्या चित्रात डोंगराच्या कडेला एक पट्टा फिका पडलेला. मी पाहिल्याबरोबर सांगितलं, कीड. पस्तीस वर्षं जंगलात पाय घासले, ऑगस्टअखेर सागाचा रंग उडाला म्हणजे अळीच. खुशबू म्हणाली, "बघू." तिचं हे 'बघू' फार वाईट. 'हो' नाही, 'नाही'ही नाही.

जीपमध्ये मला पुढे बसवलं, सोबत तिचा मदतनीस लोकेश. रस्त्याच्या कडेला थांबून ड्रोन सोडला. मधमाशांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज, आणि गेलाही वर. तिने हातातला पडदा माझ्याकडे वळवला.

फुलोरा! सागाचा फुलोरा. शेंड्याशेंड्यावर पांढुरक्या फुलांचे भलेमोठे तुरे. खालून मान मोडेपर्यंत पाहिलं तरी एवढे दिसत नाहीत, कारण साग आपली फुलं आभाळाला दाखवतो, आपल्याला नाही. मी आयुष्यभर सागाखाली उभा राहिलो. त्याचं तोंड आज पाहिलं.

"मलाही आधी कीडच वाटली होती," खुशबू म्हणाली. "म्हणूनच इथे आले. नकाशावर तसंच लिहून दिलं असतं तर हसू झालं असतं."

"मग माझ्यावर का नाही हसलीस?"

"घरी जाऊन हसीन. आजीसोबत."

आणि हसली. दोघी हसल्या. रात्रीच्या भातापर्यंत पुरलं त्यांना.


३० ऑगस्ट

कोसमघाटचा चौकोन फिका झाला आहे.

खुशबूने लपवलं नाही. समोर ठेवलं. मागच्या चित्रात गडद होता, आता एका बाजूने राख सांडल्यासारखा. या वेळी फुलोरा नाही; ड्रोनने पाहिलं आहे. पानांची जाळी करणारी अळी. हिरवं तेवढं खाते, शिरा ठेवते. पान राहतं, पण गाळणीसारखं. झाड मरत नाही, पण त्या सालची वाढ गेली.

आणखी एका जागी तेच सुरू होतं आहे. चिंचटोल्याचं रोपवन. ग्रामसभेने सात वर्षांपूर्वी लावलेला साग, माणसापेक्षा थोडा उंच.

उपाय आहे. आपल्याकडे धानाच्या खोडकिड्याला शेतकरी ट्रायको कार्ड लावतात, तेच. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर एका चिमुकल्या माशीची पिलं असतात — माशी कसली, ठिपका. ती बाहेर येते आणि किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालते. अळी जन्मालाच येत नाही. विष नाही, फवारणी नाही. कार्डं बर्फाच्या पेटीतून यायची आणि दोन दिवसांत पानांना टाचायची, नाहीतर माशा पेटीतच उडून जातात.

पण या खेपेला कार्डं एकाच जागेला पुरतील इतकीच मिळणार. कुठे लावायची हे नकाशा पाहून खुशबूने लिहून द्यायचं. वरचे साहेब म्हणाले म्हणे, "तुमचा नकाशा, तुमची शिफारस. महिन्याभराने आम्ही जागेवर येऊन पाहू. जमलं तर काम पुढे वाढवू, नाही जमलं तर नमस्कार."

म्हणजे तिची परीक्षा. आणि माझ्या सागांचा जीव. माझी नात माझे साग वाचवणार! असा योग कोणत्या गार्डाच्या नशिबी आला असेल?


१ सप्टेंबर

बाजाराचा दिवस. जे भेटले त्यांना सांगितलं. भाजीवालीला सांगितलं. सोमाजीला तर दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "मंग कार्डं लावाच्या दिवशी बेंडबाजा सांगू का गार्डसाहेब?"

टपरीवर चिंचटोल्याचा चैतू मडावी बसला होता. ओळखीचा. माझ्या नोकरीत त्याचा बाप वणवा अडवणारी जाळरेषा कापायला यायचा. चहा संपला तरी कप फिरवत बसला. मग म्हणाला, "बाबूजी, बाई आमच्याकडे येऊन गेली. पानं पाहून गेली. आमच्याकडे लावतील का कार्डं?"

मी म्हटलं, "आधी मोठी झाडं, बाबा. मग लहान."

"हो," म्हणाला. "सात वर्षं बकऱ्या दुसऱ्या अंगाला नेल्या आम्ही. लांब पडते. बायका रोज भांडतात. साग मोठा झाला की ग्रामसभेचा हक्क, म्हणून." मग कप ठेवला. "बरं. मोठी झाडं आधी."

मी त्याच्या चहाचे पैसे दिले. का दिले कळलं नाही.


४ सप्टेंबर

चिंचटोला.

चिंचटोला लिहून दिलं. कोसमघाट नाही.

संध्याकाळी आली, पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. मला वाटलं थट्टा करते आहे. तिच्या तोंडाकडे पाहिलं — नव्हती.

"तुमच्या झाडांची अर्धी पानं आधीच गेली आहेत आबाजी. अळी बाहेर आली आहे तिथे. कार्ड अंड्यावर चालतं, अळीवर नाही. चिंचटोल्याला अजून अंडीच आहेत."

"अर्धी राहिलीत ना?"

"राहिलीत."

"त्या अर्ध्यांवर अंडी नाहीत?"

तिने रिकामा पेला खाली ठेवला. "आहेत."

"मग?"

"मोठं झाड एक वर्ष सोसतं. लहानाचा शेंडा गेला तर फांद्या फुटतात, खोड वाकडं होतं. मग ते जन्मभर वाकडं."

बरोबर बोलत होती. मीच शिकवलं असेल तिला कधीतरी हे. पण मला एकदम इतकं एकटं वाटलं की काय सांगू. मी म्हटलं, "सगळ्या बाजाराला सांगून बसलो आहे मी." ती म्हणाली, "मला विचारून सांगितलं होतं का?" आवाज चढवून नाही. विचारलं फक्त.

कमलाने भात वाढला. मला आणि तिला सारखाच वाढला. वरण वाढलं. जेवण होईस्तोवर एक शब्द नाही — ही बाई, जी मनातलं ऐकून उत्तर देते.


५ सप्टेंबर

टपरीवर गेलो नाही.


६ सप्टेंबर

चिंचटोल्याला कार्डं लागली म्हणे. लोकेश पेटी परत द्यायला आला तेव्हा कळलं. अख्खं गाव आलं होतं टाचण्या मारायला. मी विचारलं नव्हतं. पण पेपर वाचत ऐकलं.


९ सप्टेंबर

पाच दिवस तिच्याशी मोजकंच बोललो. ती नेहमीसारखीच. सकाळी माझ्या चष्म्याची काच पुसून ठेवते, तेही नेहमीसारखं. राग धरायला सुद्धा समोरून थोडी मदत लागते.

आज टपरीवर गेलोच. सोमाजीने कप पुढे केला. "या गार्डसाहेब. बेंडवाल्याले नाई म्हणून सांगतलं मी." लोक हसले. ते ठीक. पण तिथे एक पत्रू नावाचा ठेकेदाराचा माणूस बसतो, तो म्हणाला, "शिकल्या पोरी अशाच राह्यतेत. घरच्याले इसरल्या, टोल्यावाल्याइचं भलं करून राह्यल्या. काही खाल्लं असन मधात."

मी उठलो. गुडघे दुखतात म्हणून हळू उठलो, त्यामुळे जरा जास्तच भारदस्त दिसलं असेल. म्हटलं, "तिचा आजा पस्तीस वर्षं या जंगलात होता. एक ओंडका इकडचा तिकडे केला नाही. तिनेही केला नाही. आपल्या आजाच्या झाडासाठी सुद्धा नाही केला. तू असा एक माणूस दाखव आपल्या खानदानातला."

पत्रू म्हणाला, "काका, मजाक केली." सोमाजीने त्याच्याकडून चहाचे पैसे आधी मागून घेतले.

परत येताना रस्त्यात मला माझंच बोलणं ऐकू आलं. आजाच्या झाडासाठी सुद्धा नाही! पाच दिवस ज्याचा राग धरला, त्याचीच फुशारकी मारून आलो होतो. मग घरापर्यंत कॉलर ताठ करून चाललो.

तिला म्हटलं, "चहा केलास तर घेईन." तिने केला. साखर जास्त टाकली.


१४ सप्टेंबर

कोसमघाटला गेलो. तिनेच नेलं.

जीपमधून उतरल्यावर वाटलं पाऊस भुरभुरतो आहे. हात पुढे केला — कोरडा. पण आवाज येतच होता, चहूकडून, पानांवर बारीक टप टप टप. खुशबू म्हणाली, "अळ्यांच्या लेंड्या पडताहेत आबाजी." लाखो तोंडं वर चरताहेत आणि त्याचा पाऊस खाली. इतका गोड आवाज, आणि असा.

पायाखाली पानं. एक उचललं. सूर्यासमोर धरलं. हिरवं काहीच नाही, नुसत्या शिरा — मधली मोठी, तिच्यातून निघालेल्या, त्यांच्यातून निघालेल्या. बारीक विणलेली जाळी. वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण नजर निघेना. जुनी ओळ आठवली आणि मनातच बदलली: पानावरती अळीही लिहिते. तिने सगळी अक्षरं खाल्ली, आखलेल्या रेघा तेवढ्या ठेवल्या.

झाडाला हात लावून उभा राहिलो. चार वर्षांनी. झाडाला काही कळत नाही हे मला माहीत आहे.

मग तिने ड्रोन वर सोडला, पडदा माझ्या हातात दिला. "हे दाखवायला आणलं तुम्हाला," म्हणाली.

ओळी!

माझ्या दोराच्या ओळी. पानं भरगच्च असती तर दिसल्या नसत्या, वरून नुसतं गवत वाटलं असतं. पण आता जाळीतून खालपर्यंत दिसत होतं, आणि खोडं उभी होती, एकामागे एक, गाठीला एक. मधली कितीतरी विरळणीत गेली, तरी ओळ कळत होती. वर्गात वहीवर लिहिलेल्या कवितेसारखं पान. डोंगराच्या पाठीवर चरणाखाली चरण. मी लिहिलं होतं हे, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, आणि एकदाही वाचलं नव्हतं. कुठून वाचणार? वर कोण गेलं होतं?

एक ओळ मधेच वाकडी होती. पाच-सहा झाडं बाजूला सरकून परत जागेवर आलेली. दोर सोडून कोणीतरी मनाने लावलेली. पटकन म्हणालो, "कोण होती ही बाई, दोर पाहत नव्हती." खुशबू हसली.

डोळे भरले. तिने पडदा माझ्या हातातून काढून घेतला नाही. लोकेश दूर जाऊन उगीच टायर पाहत होता.

येताना म्हटलं, "चिंचटोल्याचा निर्णय बरोबर होता तुझा."

ती खिडकीतून बाहेर पाहत राहिली. मला वाटलं, संकोचली.


२० सप्टेंबर

पाऊस. ढग. चित्र नाही. ढगांना पुन्हा शिव्या देणार होतो, कमला समोर होती म्हणून दिल्या नाहीत.


२९ सप्टेंबर

चिंचटोला तांबडा! गडद, रसरशीत, नजर ठरणार नाही असा तांबडा. आजूबाजूचं सगळं राखाडी आणि मधे तो डाग — मी पाहता पाहता टाळी वाजवली.

साहेब लोक आले होते. दोन गाड्या. नकाशा हातात घेऊन चिंचटोल्यात फिरले, पानं उलटीपालटी करून पाहिली. खुशबूने जिथे कीड सांगितली तिथे कीड, जिथे नाही सांगितली तिथे नाही. फुलोऱ्याचा पट्टाही दाखवला त्यांना, एक साहेब म्हणाले म्हणे, "हे ओळखलं कसं?" ही म्हणाली, "आधी चुकले होते सर." शाबास. चुकले म्हणून सांगायला मला निवृत्त व्हावं लागलं. काम पुढच्या सालापर्यंत वाढलं, आणखी दोन विभागांचं जंगल तिच्याकडे.

संध्याकाळी चैतू आला. वास्ते घेऊन — बांबूचे कोवळे कोंब, पानात बांधलेले. ओट्यावर बसला. "बाबूजी, बाईंना द्या. आमच्या बायका म्हणतात, बकऱ्या लांब नेऊ म्हणतात. भांडत नाहीत आता." मग विचारलं, "तुमची मोठी झाडं?"

"ती सोसतील," मी म्हटलं. "या सालचं वलय बारीक पडेल खोडात, बस."

"माणसालाही पडते," चैतू म्हणाला, आणि दोघांनाही हसू आलं.

त्याला चहा पाजून सोडला. या वेळी का पाजला ते कळत होतं.


३ ऑक्टोबर

काल दसऱ्याला मिथुन आला. सकाळी बुद्धवंदना झाली, कमलाने खीर केली, ओट्यावर सगळी गल्ली. मी सगळ्यांसमोर मिथुनला सांगितलं, "तुझ्या पोरीसारखी पोरगी या दोन जिल्ह्यांत नाही." तो म्हणाला, "हे मले कधी नाई म्हटलं तुमी." मी म्हटलं, "तू वाघ दाखवतोस. वाघ स्वतःहून दिसतो."

त्याने कोसमघाटचा तो वरून काढलेला फोटो चंद्रपूरहून मोठा करून, काच लावून आणला. खुशबूने गुपचूप पाठवला होता. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोरच्या भिंतीवर लावला. खाली नाव टाकायचं का, मिथुनने विचारलं. मी म्हटलं, टाक — आणि सांगितलं काय ते. आज तो पेंटरकडून पट्टी करून आणतो आहे: कोसमघाट, माझे साग.


४ ऑक्टोबर

सकाळी कमला फोटोपुढे उभी. चष्मा नाकावर. बोट काचेवर, ओळीओळीने खाली येतं आहे. "हे विमलाची. हे रुखमाची, ते तं मेली बिचारी. हे माही. हे बी माही." वाकड्या ओळीवर थांबली. "इथी मोठा गोटा होता. हे बी माहीच."

मी म्हटलं, दोर माझा होता.

"होता ना जी. दोर उगवते का?"

पट्टी माझ्या हातात होती. तेवढ्यात खुशबू मागून म्हणाली, "आबाजी, एक सांगायचं राहिलं आहे. मी आधी कोसमघाटच लिहिलं होतं. अर्धी पानं उरली होती, अंडी होती, लिहिता येत होतं. पाठवायच्या आधी आजीला वाचून दाखवलं."

मी कमलाकडे पाहिलं.

"माहे झाडं होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, ते जगतेत. लहानाइले दे." आणि भात लागेल म्हणून आत गेली.